ईशान्य ग्रीनलंडच्या किनाऱ्याचे नकाशांकन

ग्रीनलंडचा ईशान्य किनारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नकाशावर अपुराच होता. कोल्डेवाई यांची जर्मन मोहीम 1869-70 मध्ये दक्षिणेकडून साधारण 77° उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचली. 1892 मध्ये अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी हिमस्तर ओलांडून पश्चिमेकडून इंडिपेन्डन्स फ्योर्डपाशी (फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) आले. समोरची दरी म्हणजे ग्रीनलंडला उत्तरेच्या भूमीपासून तोडणारी सामुद्रधुनी, असा त्यांचा समज झाला आणि ‘पिअरी चॅनेल’ नकाशावर आले. मधला सारा किनारा कोराच राहिला.

तो भरून काढण्यासाठी लुडविग मिलियुस-एरिक्सन यांची ‘डॅनमार्क मोहीम’ (1906-08) निघाली. भूखंडवहनाचा सिद्धांत पुढे मांडणारे आल्फ्रेड व्हेगेनर तिच्यात हवामाननिरीक्षक होते. डॅनमार्क्सहाव्न येथील तळावरून कुत्र्यांच्या स्लेजगाड्या उत्तरेकडे गेल्या. थिओडोलाइट या कोनमापक उपकरणाने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येई. रेखांशासाठी मात्र क्रोनोमीटर या खास घड्याळाच्या अचूक वेळेवर भिस्त असे, आणि कडक थंडीत व स्लेजच्या हादऱ्यांत ती वेळ सांभाळणे हेच सर्वांत अवघड काम होते.

प्रत्यक्षात किनारा जुन्या नकाशांपेक्षा पूर्वेकडे पुष्कळच पुढे आलेला निघाला. वाट लांबली, शिधा आटत गेला. त्यात मिलियुस-एरिक्सन, नकाशाकार होएग हागन आणि ग्रीनलंडचे योर्गेन ब्रॉनलुन हे तिघे डॅनमार्क फ्योर्डलाच पिअरी चॅनेल समजून आत शिरले. चूक उमगल्यावरही ते मागे न फिरता इंडिपेन्डन्स फ्योर्डपर्यंत गेले. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने परतीची वाट बंद झाली आणि नोव्हेंबर 1907 मध्ये तिघांचाही अंत झाला. ब्रॉनलुन शेवटी एकटेच लॅम्बर्ट लँडवरील शिध्याच्या साठ्यापर्यंत पोहोचले होते. मार्च 1908 मध्ये योहान पेटर कॉख आणि टोबियास गाब्रिएल्सन यांना त्यांचा मृतदेह सापडला. जवळ त्यांची रोजनिशी होती आणि एका बाटलीत होएग हागन यांची नकाशाची रेखाटने. पाय गोठलेल्या अवस्थेतही ब्रॉनलुन यांनी ती जपली, म्हणूनच त्या किनाऱ्याचे मोजमाप वाचले. नकाशाच्या श्रेयात त्यांचे नाव होएग हागन यांच्या बरोबरीने यायला हवे.

पिअरी चॅनेल अस्तित्वात नाही, ही मिलियुस-एरिक्सन यांनी दगडांच्या राशीत ठेवलेली नोंद पुढे आयनार मिकेलसन यांच्या मोहिमेला (1909-12) मिळाली. 1912 मध्ये क्नुड रासमुसेन आणि पेटर फ्रॉयकेन यांनी पश्चिमेकडून हिमस्तर ओलांडून त्याची खातरजमा केली. पिअरी लँड, म्हणजे त्या कथित चॅनेलपलीकडची उत्तरेची भूमी, हे बेट नसून द्वीपकल्प ठरले. 1930 च्या दशकात पूर्व ग्रीनलंडची विमानातून तिरपी छायाचित्रे घेतली जाऊ लागली आणि 1938 मध्ये डॅनिश भूगर्भशास्त्रज्ञ लाउगे कॉख यांनी स्पिट्सबर्गनहून पिअरी लँडवर उड्डाण केले.