पंधरावे, सतरावे, तरीही अंतिम फेरीत

२१ मे २०२५ रोजी स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. टॉटनहॅम विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, दोन्ही संघ इंग्लंडचे. ब्रेनन जॉन्सनच्या एकुलत्या एका गोलवर टॉटनहॅमने करंडक उचलला. सामना अगदीच रटाळ होता, पण ते सोडा. चार दिवसांनी इंग्लंडचा हंगाम संपला तेव्हा वीस संघांच्या गुणतक्त्यात युनायटेड पंधरावा होता आणि टॉटनहॅम सतरावा. अठराव्यापासून खाली गेलं की खालच्या श्रेणीत रवानगी होते. म्हणजे स्वतःच्या वर्गात काठावर पास झालेले हे दोघे युरोपच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत पहिले दोन आले. पुढच्या काही दिवसांत तिसऱ्या क्रमांकाची कॉन्फरन्स लीगही चेल्सीने नेली.

याचं सोपं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: इंग्लंडच्या प्रीमियर लीगकडे पैसा आहे. पण तो तिथेच का गेला? चाळीस वर्षांपूर्वी हेच चित्र नेमकं उलटं होतं, आणि तेव्हाचा श्रीमंत देश इटली होता.

१९६६च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीने परदेशी खेळाडू आणण्यावर बंदी घातली होती. ती १९८०मध्ये उठली आणि जगातले उत्तमोत्तम खेळाडू तिकडे निघाले. १९८२मध्ये फ्रान्सचा प्लातिनी युव्हेंटसला गेला, त्यात नवल नाही. पण १९८३मध्ये ब्राझीलचा झिको उदिनेसेला आला. उदिने हे ईशान्य इटलीतलं लहानसं शहर, आणि त्यांचा क्लब काही विजेतेपदाच्या शर्यतीतला नव्हे. पुढच्या वर्षी नापोलीने बार्सिलोनाकडून मॅराडोना आणला, सुमारे ५० लाख पौंडांना. त्या वेळी तो जगातला विक्रमी भाव होता. तोवर नापोलीने इटलीची लीग एकदाही जिंकली नव्हती. मॅराडोनाच्या काळात त्यांनी ती दोनदा जिंकली, १९८७ आणि १९९०मध्ये. १९९०मध्येच युरोपचे तिन्ही करंडक मिलान, संपदोरिया आणि युव्हेंटस यांनी वाटून घेतले. १९९२च्या एका उन्हाळ्यात तर जागतिक विक्रम तीनदा मोडला: पापँ, मग वियाल्ली, मग लेंतीनी. तिघांनाही घेणारे इटालियनच होते, दोन वेळा मिलान आणि एकदा युव्हेंटस.

फक्त हा पैसा फुटबॉलने कमावलेला नव्हता, तो मालकांच्या खिशातला होता. मिलानमागे बेर्लुस्कोनीच्या वाहिन्या, युव्हेंटसमागे फियाटच्या मोटारी, पार्मामागे पार्मालातचं दूध, लाझिओमागे चिरियोचे डबाबंद टोमॅटो. शेठजी खूश आहेत तोवर दिवाळी. स्टेडियम बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची, क्लब भाडेकरू. १९९०च्या विश्वचषकासाठी तूरिनमध्ये देल्ले आल्पी नावाचं जवळपास ७० हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. मैदानाभोवती धावण्याची धावपट्टी, त्यामुळे गोलपोस्टमागे बसलेल्याला खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे. २००१-०२च्या हंगामात तिथे युव्हेंटस-संपदोरिया असा इटालियन चषकाचा सामना झाला, त्याला २३७ प्रेक्षक आले. त्याच युव्हेंटसने नुकताच झिदान विकला होता आणि बुफाँ विकत घेतला होता.

मग शेठजींचे धंदे बसू लागले. २००२मध्ये चिरियो बुडाली आणि फियोरेंतीना क्लबचं दिवाळं निघालं, २००३मध्ये पार्मालात कोसळली. त्याआधी १९९९पासून प्रत्येक क्लबला आपापले टीव्ही हक्क स्वतंत्रपणे विकायची मुभा मिळाली होती, त्यामुळे मोठे अधिक मोठे झाले आणि धाकट्यांच्या ताटात उरलंसुरलं आलं. २००६च्या पंच-नेमणूक घोटाळ्यात युव्हेंटसला खालच्या श्रेणीत पाठवलं गेलं. हक्क पुन्हा एकत्र विकायची पद्धत २०१०मध्ये परतली, तोवर जगाने चॅनल बदललं होतं.

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये मात्र नुसती पडझड होती. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्रसेल्सच्या हेसल स्टेडियमवर लिव्हरपूलचे पाठीराखे युव्हेंटसच्या पाठीराख्यांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, त्यात बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षांची बंदी आली, लिव्हरपूलवर सहा. १९८५-८६चा पहिला अर्धा हंगाम इंग्लंडमध्ये टीव्हीवर फुटबॉल दिसलाच नाही, कारण क्लब आणि वाहिन्यांचं पैशावरून बिनसलं होतं. आज ज्या लीगच्या एका सामन्याच्या हक्कासाठी लाखो पौंड मोजले जातात, तिच्यावाचून तेव्हा कुणाचं फारसं अडलं नव्हतं.

१९८९मध्ये हिल्सबरो स्टेडियमची दुर्घटना झाली. चेंगराचेंगरीतल्या मृतांचा आकडा आता ९७ मोजला जातो. त्यानंतरच्या टेलर अहवालाने वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर उभं राहून सामना बघणं बंद करायला लावलं आणि प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. क्लबांना स्टँड नव्याने बांधावे लागले. इथे इटलीपेक्षा एक फरक पडला. इंग्लिश क्लबांची मैदानं बहुतेक त्यांच्याच मालकीची होती, त्यामुळे नव्या खुर्च्यांचं, महागलेल्या तिकिटांचं आणि खास कक्षांचं उत्पन्न त्यांच्याच गल्ल्यात पडलं. जुना कष्टकरी प्रेक्षक या महागाईत बाहेर फेकला गेला, ती तक्रार तिथे आजही ऐकू येते.

मे १९९२मध्ये लंडनच्या एका हॉटेलात बावीस क्लबांचे प्रतिनिधी नव्या प्रीमियर लीगचे टीव्ही हक्क कुणाला द्यायचे ते ठरवायला बसले. आयटीव्हीने २६.२ कोटी पौंडांची बोली लावली होती. टॉटनहॅमचे अध्यक्ष अ‍ॅलन शुगर यांनी बाहेर येऊन स्काय या उपग्रह वाहिनीच्या प्रमुखांना फोन केला आणि बोली वाढवायला सांगितली. शुगर यांची अ‍ॅमस्ट्रॅड कंपनी स्कायच्या डिश अँटेना बनवत होती, हे सांगायलाच हवं. बीबीसीच्या हायलाइट्स धरून पाच वर्षांचे ३०.४ कोटी पौंड ठरले. १४ विरुद्ध ६ मतांनी ठराव पास झाला, दोघे तटस्थ.

मला विचाराल तर तो आकडा दुय्यम आहे. खरी गोम वाटपात होती. देशातल्या टीव्ही हक्कांचा अर्धा पैसा सर्वांना सारखा, पाव भाग क्रमांकानुसार, पाव भाग किती सामने दाखवले त्यानुसार. परदेशातून येणारा पैसा मात्र सरसकट सारखा. तेव्हा परदेशी हक्कांना विचारत होतं कोण? म्हणून त्यावर भांडणही झालं नाही. आणि प्रत्येक क्लबला एक मत, मोठा निर्णय दोन तृतीयांश बहुमताने. पुढे ही परदेशी रक्कम फुगत गेली तेव्हा बड्यांना वाटप बदलायचं होतं, पण मतं नव्हती. २०१९पासून फक्त वाढीव रक्कम क्रमांकानुसार वाटायची एवढीच तडजोड झाली. २०२२पासूनच्या तीन वर्षांच्या करारांत परदेशी हक्कांनी देशातल्या हक्कांना पहिल्यांदाच मागे टाकलं.

त्यात आपलाही हातभार आहे. शनिवारचा पहिला सामना तिथे दुपारी साडेबाराला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सहा वाजलेले असतात. कुणी चहा घेऊन बसावं अशी वेळ. नव्वदच्या दशकात केबल घरात आल्यापासून मुंबई-पुण्यातली एक पिढी याच वेळेला आर्सेनल किंवा युनायटेडची झाली. स्पेनचे मोठे सामने तिकडच्या रात्री नऊ-दहाला, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. डिसेंबर २०१७मध्ये रेआल माद्रिद-बार्सिलोना सामना त्यांनी चक्क दुपारी एकला ठेवला तो आशियासाठीच.

१५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्यात निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब पैसे मागू शकत नाही, आणि युरोपीय संघातल्या नागरिकांवर परदेशी म्हणून मर्यादा घालता येत नाही. पहिला तडाखा बसला आयाक्सला. त्याच वर्षी घरच्या पोरांच्या जोरावर युरोपची अव्वल स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकलेला तो डच संघ दोनेक वर्षांत पांगला. डाविड्स आणि रायझिगर, नंतर क्लायव्हर्ट असे तिघे मिलानला गेले, तेही फुकटात. ग्लासगो, बेलग्रेड, बुखारेस्ट अशा शहरांचे क्लब एकेकाळी युरोपचे विजेते होते. पाच मोठ्या लीगांबाहेरचा (इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्स) शेवटचा विजेता म्हणजे २००४चा पोर्तो. ही पहिली दरी. या पाचांमधली दरी नंतर रुंदावली.

स्पेनने दोनच क्लबांवर सगळं लावलं. फिगो, झिदान, पुढे रोनाल्डो, मेस्सी. २००५च्या आदेशाने परदेशातून येणाऱ्या भारी पगारदारांना कमी दराने कर लागू झाला, लोक त्याला ‘बेकहॅम कायदा’च म्हणायचे. पण टीव्ही हक्क जो तो स्वतःचे विकत होता. २०१४-१५मध्ये रेआल आणि बार्सिलोनाला प्रत्येकी सुमारे १४ कोटी युरो मिळाले, तळाच्या क्लबला दोन कोटींच्या आसपास. शेवटी २०१५मध्ये सरकारने कायदा करून हक्क एकत्र विकायला लावले. तेवीस वर्षं उशीर. शिवाय लीगने पगारखर्चावर कडक मर्यादा घातली, तिच्यात बसत नसल्यामुळे ऑगस्ट २०२१मध्ये बार्सिलोनाला मेस्सीही ठेवता आला नाही.

जर्मनीने श्रीमंती थोडी जाणूनबुजून नाकारली. तिथे १९९८पासूनच्या ‘५०+१’ नियमानुसार मताधिकाराचं बहुमत बहुतेक क्लबांत सभासदांकडेच राहतं. तिकिटं स्वस्त, मैदानं भरलेली. २०२४च्या सुरुवातीला लीगमध्ये गुंतवणूकदार आणायचं घाटत होतं, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकून फेकून सामने थांबवले आणि बेत मोडला. मला ते आवडलं. पण २०२५मध्ये लिव्हरपूलने लेव्हरकुझेनच्या फ्लोरियन व्हिर्ट्झसाठी १० कोटी पौंड मोजले आणि वर बोनस कबूल केला, तेव्हा या तत्त्वाची किंमतही दिसली.

फ्रान्सची गोष्ट त्यातली सर्वांत वाईट. २०२०पासूनचे हक्क मीडियाप्रो कंपनीने मोठ्या थाटात घेतले, सगळे करार मिळून वर्षाला सुमारे ११५ कोटी युरो येणार होते. क्लबांनी ते पैसे जमा धरूनच खर्च केला. ऑक्टोबरमध्ये हप्ता आला नाही, डिसेंबरमध्ये करार संपला. नंतर आलेल्या भागीदारांकडून तेवढे पैसे पुन्हा कधीच मिळाले नाहीत.

आजचे आकडे बघा. २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी इंग्लंडचे देशांतर्गत हक्क ६७० कोटी पौंडांना गेले. जर्मनीला तेवढ्याच काळाचे ४४८ कोटी युरो. इटलीला पाच वर्षांचे ४५० कोटी, स्पेनला पाच वर्षांचे ४९५ कोटी. आणि खरी तफावत याच्या पलीकडे आहे, कारण परदेशातून एवढी मोठी वरकड दुसऱ्या कुणाकडेच येत नाही. प्रीमियर लीगच्या तळाच्या क्लबलाही हंगामाला १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात.

ते जवळून बघायचं तर बोर्नमथला जावं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव, मैदानात साधारण ११ हजार खुर्च्या. २००८मध्ये या क्लबची तिजोरी इतकी रिकामी होती की चौथ्या श्रेणीत हंगाम सुरू करतानाच १७ गुण कापले गेले. २०२४च्या उन्हाळ्यात याच बोर्नमथने युव्हेंटसकडून डीन हाउसन हा एकोणीस वर्षांचा बचावपटू साधारण दीड कोटी युरोंना घेतला. वर्ष उलटायच्या आत रेआल माद्रिदने त्याच्यासाठी ५ कोटी पौंड ठेवले. एकेकाळी उदिनेला झिको जात होता. आता प्लातिनीचा युव्हेंटस पोरगा विकतो, बोर्नमथ त्याला वाढवतो आणि नफा खिशात घालतो.

याला अपवाद आहेत. त्याच २०२५मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली ती टीव्हीबाबतीत कंगाल झालेल्या फ्रान्सच्या पॅरिसने. वाटेत त्यांनी लिव्हरपूल, अ‍ॅस्टन व्हिला आणि आर्सेनलला घरी पाठवलं आणि अंतिम सामन्यात इटलीच्या इंटरला ५-० असं धुतलं. अर्थात पॅरिसमागे २०११पासून कतारची तिजोरी आहे. जुनी इटालियन पद्धत, फक्त शेठजी एक राज्य आहे.

आणि नापोली? त्यांनी २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून स्कॉट मॅकटॉमिने घेतला. तो युनायटेडच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला, पण इंग्लंडच्या हिशेबाच्या नियमांत घरच्या पोराची विक्री निव्वळ नफा धरली जाते, म्हणून तो जाऊ दिला. २३ मे २०२५ रोजी कॅलियारीविरुद्ध त्याने हवेत आडवं होऊन कात्रीमार गोल केला आणि नापोली इटलीचा विजेता झाला. हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. दोन दिवसांनी युनायटेड पंधराव्या क्रमांकावर थांबला, आणि लीगच्या टीव्हीच्या पैशातून त्याला विजेत्या नापोलीपेक्षा जास्त मिळाले.