हाय-यील्ड इन्व्हेस्टमेंट प्रोग्राम

रोज एक-दोन टक्के किंवा त्याहूनही जास्त परतावा देऊ असं सांगून इंटरनेटवरून ठेवी गोळा करणारी योजना, संक्षेपात एचवायआयपी. साध्या मराठीत दामदुप्पट योजना. पैसा कुठे गुंतवतात याची उत्तरं काळानुसार बदलत आली: परकीय चलन, सोनं, क्रिप्टो, अलीकडे ‘एआय ट्रेडिंग’. आत चालतं ते मात्र याची टोपी त्याच्या डोक्यावर. नव्या सभासदाच्या मुद्दलातून जुन्याचं ‘व्याज’ भागवलं जातं.

या प्रकाराला ज्याचं नाव पडलं तो चार्ल्स पॉन्झी. १९२० मध्ये बोस्टनमध्ये तो ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ म्हणत होता. कारण सांगायचा आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांचं: युरोपात स्वस्तात घ्यायची, अमेरिकेत टपाल तिकिटांच्या बदल्यात वटवायची. त्याने जमवलेल्या रकमेला पुरतील इतकी कूपनं जगात चलनातच नव्हती. हिशेब इतका सोपा होता, पण पैसे वेळेवर मिळत असताना तो करायला बसतो कोण?

तसाच हिशेब इथेही करता येतो. रोज एक टक्का चक्रवाढीने धरला तर वर्षाअखेर १०० चे सुमारे ३,७८० होतात. दोन टक्क्यांनी १,३७,००० च्या वर. असं यंत्र खरोखर ज्याच्या हाती आहे, तो अनोळखी माणसांकडे ठेवी मागत फिरणार नाही.

तरीही लोक येतात, आणि ते सगळे भाबडे नसतात. सुरुवातीला छोटी रक्कम टाकली की दुसऱ्या दिवशी खात्यात नफा दिसतो. काढून पाहिला तर निघतोही. हा पहिला ‘विड्रॉल’ म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. मोठी रक्कम त्यानंतरच येते. सभासद आणला तर कमिशन असल्यामुळे योजनेची जाहिरात ओळखीचा माणूसच करतो, तीही मनापासून. काही जणांना हा पॉन्झीच आहे हे पक्कं ठाऊक असतं. आपण बुडायच्या आधी बाहेर पडू, एवढाच त्यांचा डाव. कोणती योजना अजून ‘पैसे देते’ याची रोज नोंद ठेवणाऱ्या साइट त्यांच्याच जिवावर चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच त्या योजनांकडूनच जाहिरातीचे व कमिशनचे पैसे घेतात.

‘१२डेली प्रो’ या अशाच एका योजनेने सहा डॉलरच्या एका युनिटवर १२ दिवस रोज १२ टक्के कबूल केले होते, बदल्यात सभासदाने रोज काही जाहिराती बघायच्या. अमेरिकेच्या रोखे आयोगाने फेब्रुवारी २००६ मध्ये ती बंद पाडली, तेव्हा तीन लाखांवर लोकांचे पाच कोटी डॉलरहून अधिक त्यात गेले होते. बिटकनेक्ट या क्रिप्टो योजनेने तेच ‘ट्रेडिंग बॉट’च्या, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाने केलं, जानेवारी २०१८ मध्ये सभासदांकडून नाणी उसनी घेण्याची तिची उधारी योजना बंद झाली आणि तिचं नाणं कोसळलं.

शेवट जवळ आला की पैसे काढण्याची विनंती ‘प्रलंबित’ राहते. मग ‘सर्व्हर अपग्रेड’, मग रक्कम सोडवायला आधी कर भरा असा निरोप. जो भरतो त्याचे तेही जातात. काही दिवसांनी बुडालेले पैसे परत मिळवून देणारा ‘वकील’ फोन करतो, बुडालेल्या सभासदांच्या त्याच यादीवरून. वेळेत बाहेर पडलेलेही सुटतातच असं नाही: झीक रिवॉर्ड्स ही अमेरिकेतली योजना २०१२ मध्ये बंद पडल्यावर न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरने, म्हणजे तिची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने, फायद्यात राहिलेल्या सभासदांवरच वसुलीचे दावे लावले.