जमिनीखाली नदी वाहत नाही

विहिरीला पाणी लागलं की लोक म्हणतात, ‘खालून नदी जाते.’ पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा समज आहे, पण जवळजवळ सगळीकडे तो चुकीचा आहे. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने खडक विरघळून गुहा होतात आणि तिथे खरोखर प्रवाह वाहतात. पण तो अपवाद.

एरवी भूजल असतं ते वाळूच्या कणांमधल्या फटींत आणि खडकाच्या भेगांत. काचेच्या पेल्यात काठोकाठ कोरडी वाळू भरा आणि हळूहळू पाणी ओता. पेला ‘भरलेला’ असूनही त्यात साधारण तिसरा हिस्सा पाणी मावतं. आता मधोमध बोटाने खड्डा करा. कडेच्या वाळूतून पाणी झिरपून त्यात जमतं. विहीर म्हणजे हेच.

चिकणमातीची मात्र गंमत आहे. तिच्यात वाळूपेक्षाही जास्त पाणी मावू शकतं, पण तिच्या फटी इतक्या बारीक की ती ते सहजासहजी सोडत नाही.

भूजल सरकतं, पण गोगलगाय बरी म्हणायची वेळ येते! दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर. म्हणून खोलवरचं काही पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं असतं. उपसलेलं पाणी ‘खालून नदी वाहतेच आहे’ म्हणून लगेच भरून निघत नाही. तरीही साठा थोडाथोडका नाही: पृथ्वीवरच्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ३० टक्के भूजल आहे, तर सगळ्या नद्यांमध्ये मिळून १ टक्कासुद्धा नाही. बाकीचं बहुतेक बर्फात अडकलंय.