टेस्टोस्टेरॉनला टेस्टोस्टेरॉनच म्हणूया

सोळा-सतरा वर्षांची मुलगी, अजून पाळी आली नाही म्हणून आईसोबत नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात किंवा ‘मेडिकल’च्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत येते. बहुतेकदा कारण साधं निघतं. क्वचित मात्र सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही आणि गुणसूत्रांच्या अहवालात ‘४६, एक्सवाय’ असतं, म्हणजे एरवी मुलांमध्ये आढळणारी एक्स-वाय जोडी. अशा वेळी “तुमची मुलगी खरं तर मुलगा आहे” असं म्हणणं क्रूर आहेच, पण विज्ञान म्हणूनही ते चूक आहे.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत सगळ्यांच्या जननग्रंथी सारख्याच असतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (१९९० मध्ये ते ओळखलं गेलं) त्यांना वृषण व्हायला लावतं. या मुलीत तेवढं घडलं. वृषणांच्या एका संप्रेरकामुळे (हॉर्मोनमुळे) गर्भाशय तयार झालं नाही. टेस्टोस्टेरॉनही भरपूर तयार होतं, पण पेशींना ते ओळखताच येत नाही, म्हणून बाहेरचे अवयव मुलीचेच घडले. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि स्तन वाढतात. गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं, अवयव या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या जुळतात, इथे जुळल्या नाहीत.

म्हणून डॉक्टरांनी नेमकं तेच सांगावं: “ताई, तिला गर्भाशय नाही, पोटात वृषणं आहेत. पाळी येणार नाही. त्या ग्रंथी ठेवायच्या की काढायच्या, ते तिच्याशी बोलूनच ठरवू.”

टेस्टोस्टेरॉनला ‘पुरुषी संप्रेरक’ म्हणणंही सोडायला हवं. ते अंडाशयातही बनतं. उलट ‘स्त्री संप्रेरक’ म्हणवलं जाणारं इस्ट्रोजेन पुरुषांच्या हाडांना लागतंच. १९९४ मध्ये इस्ट्रोजेनला शरीर दाद देत नसलेल्या एका पुरुषाची नोंद झाली. अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याची उंची वाढतच होती, कारण हाडांची टोकं जुळलीच नव्हती.

‘उभयलिंगी’ हा शब्द गांडुळासाठी बरोबर आहे, कारण त्याच्या एकाच शरीरात अंडी आणि शुक्राणू दोन्ही तयार होतात. अशा वेगळ्या घडणीच्या माणसांसाठी तो दिशाभूल करतो. २००६ मध्ये तज्ज्ञांनी अशी जुनी नावं बाजूला ठेवून ‘लैंगिक विकासाचे विकार’ हे नाव सुचवलं. ‘विकार’ अनेकांना खटकला, आणि मलाही खटकतो. ‘लैंगिक वैशिष्ट्यांमधील विविधता’ हे मला जास्त खरं वाटतं.

पण सौम्य शब्दाआड आजार लपता कामा नये. अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात कमतरतेमुळे ‘४६, एक्सएक्स’, म्हणजे एरवी मुलींमध्ये आढळणारी गुणसूत्रं असलेल्या बाळाचे बाह्य अवयव वेगळे दिसू शकतात. अवयवांचं ते दिसणं म्हणजे विविधता. मात्र याच कमतरतेच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा जीव धोक्यात येतो. त्याला आजारच म्हणावं, कागदावर ठळक लिहावं आणि औषध त्याच दिवशी सुरू करावं. अवयवांच्या शस्त्रक्रियेची तशी घाई बहुधा नसते.