विसावा पाय कुठे चुकला? आयसीच्या सिम्बॉल-फूटप्रिंटमागचा इतिहास

नांदेडला खोलीवर ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे छोट्या संगणकासारख्या आयसीचा (चिपचा), पहिला बोर्ड केला, तेव्हा आमच्याकडे मिलिमीटरचा ग्राफ पेपर, परमनंट मार्कर आणि बोर्डावरचं नको ते तांबं काढणारं फेरिक क्लोराइड ओतायला एक जुना डबा होता. दोन पायांत अडीच मिलिमीटर धरून एका रांगेचे वीस ठिपके मारले. भोकं पाडून आयसी बसवायला गेलो, तर पहिले सहा-सात पाय गेले, पुढचे तिरके व्हायला लागले आणि विसावा काठावरच अडला. खरं अंतर २.५४ मिलिमीटर. चूक ०.०४ ची, पण एकोणीस अंतरांत तिची ०.७६ झाली. बोर्डावर आयसीचे पाय कुठे बसणार, त्याचा हा नकाशा म्हणजे फूटप्रिंट.

२.५४ म्हणजे इंचाचा दहावा भाग. १९६४ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीतल्या ब्रायंट रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या दोन रांगांचं डिप पॅकेज (आयसीचं कवच) काढलं, चौदा पायांचं. इंचाचं ते माप आमच्या खोलीपर्यंत आलं. वरून पाहताना पायांचे आकडे आयसीच्या टोकावरच्या खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेने जातात, याचंही नवख्याला कोडं पडतं. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या रेडिओत जोडणी सॉकेटच्या खालून व्हायची आणि खालून पाहताना आकडे घड्याळाप्रमाणे जायचे. तोच क्रम वरून पाहिला की उलटा दिसतो. खालून काढलेलं चित्र वरचं समजून फूटप्रिंट केलं, की सगळा बोर्ड आरशातला होतो. हे प्रताप आम्हीही करून झालोत.

सिम्बॉल म्हणजे सर्किटच्या आकृतीतलं आयसीचं चित्र. त्याचं गणित वेगळं. ७४०० या आयसीत चार नँड गेट (लॉजिकचे छोटे घटक) असतात, पण वीज सगळ्यांना मिळून पाय ७ आणि १४ वरूनच. चार बिऱ्हाडं, मीटर एक. सर्किट काढताना हे चार गेट चार कोपऱ्यांत लागतात, म्हणून सिम्बॉलचे तुकडे करायची रीत पडली. सिम्बॉल वाचणाऱ्याच्या सोयीने काढायचा, फूटप्रिंट धातूच्या मापाने. दोघांना बांधणारा धागा म्हणजे पायाचा आकडा. तो चुकला तर दोन्ही चित्रं देखणी असूनही बोर्ड मेलेला.

पुढे पाय पुरेनात. १९७६ च्या ८०८५ या प्रोसेसरला चाळीसच पाय होते, म्हणून आठ पायांवरून आधी पत्ता आणि मग डेटा पाठवायची तडजोड झाली. डिप्लोमाच्या व्हायव्हात एएलई (पत्ता आलाय हे सांगणारा पाय) आणि ७४३७३ (तो पत्ता धरून ठेवणारा आयसी) यांवर घाम फुटलेले लोक मराठवाड्यात गल्लोगल्ली सापडतील.

तेव्हा बोर्डाचा लेआउट हाताने व्हायचा. पारदर्शक फिल्मवर दुप्पट किंवा चौपट मापात काळी चिकटपट्टी आणि पॅडचे (पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यांचे) तयार स्टिकर लावायचे, मग फोटो काढून लहान करायचं. १९८० च्या दशकात ऑरकॅड, प्रोटेल, ईगल ही बोर्ड काढायची सॉफ्टवेअर आली आणि स्टिकरच्या पाकिटाची जागा सिम्बॉल-फूटप्रिंटच्या तयार लायब्ररीने घेतली. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये जाँ-पिएर शारास यांनी त्याच कामाचं कायकॅड सुरू केलं. ते फुकट आहे, आणि आमच्याकडच्या पोरांसाठी हीच मोठी गोष्ट.

त्याच काळात पाय भोकांतून निघून बोर्डाच्या पृष्ठभागावर आले. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर मालिकेतल्या एका नेहमीच्या चिपला सात बाय सात मिलिमीटरच्या अंगाभोवती अठ्ठेचाळीस पाय असतात, दोन पायांत अर्धा मिलिमीटर. पॅड केवढा ठेवायचा याचे नियम आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्सच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९८७ मध्ये दिले, २००५ च्या आयपीसी-७३५१ मध्ये पॅडच्या तीन मापांची सोय झाली : ऐसपैस, मध्यम, आखूड. पोटाखाली पायांऐवजी सोल्डरच्या गोळ्या असलेल्या बीजीए पॅकेजमध्ये तर रांगांना अक्षरं द्यावी लागली. त्यातून आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं गाळतात, कारण घाईत आय एकासारखा आणि ओ शून्यासारखा वाचला जातो.

अशा चिपचा सिम्बॉल एका चौकोनात कोंबणारे अजूनही आहेत. मी वीज, घड्याळ-रीसेट आणि प्रत्येक पोर्ट (आत-बाहेर सिग्नल नेणाऱ्या पायांचा गट) असे तुकडे पाडतो. एकाच पायाला तीन-तीन कामं असतात. पीए९ नावाच्या पायावर सिरीयलही आहे आणि टायमरही. त्यातलं कुठलं वापरलं ते सिम्बॉलशेजारीच लिहितो.

आणि बोर्ड पाठवण्याआधी फूटप्रिंटचा खऱ्या मापाचा प्रिंट काढून चिप कागदावर ठेवून पाहतो. प्रिंटरचं ‘पानात बसवा’ बंद केलंय का, हे आधी बघतो.