आरोग्यदूताच्या पिशवीत काय होतं?

१९९५ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत तिथल्याच काही बायकांच्या खांद्याला एकेक पिशवी आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची ते शिकवलं होतं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. पिशवीत थर्मामीटर, बाळ टांगून वजन करायचा ताणकाटा, टोपडं, उबदार झबल्यासारखी झोपायची पिशवी, तोंडातला चिकटा ओढून काढायची नळी, श्वास द्यायचा मास्क आणि जंतुसंसर्गावरचं औषध असायचं. काम सुरू व्हायच्या आधी या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिला महिनाही पार करत नसत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २६ च्या आत आला. जिथे ही पिशवी पोहोचली नव्हती त्या आसपासच्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात तो उतरला.

हे आठवायचं कारण म्हणजे बारशाच्या आधी घरोघरी होणाऱ्या खरेदीच्या याद्या. बाळाच्या सामानाचं दुकान आता तीन मजली असतं आणि ‘सेफ्टी’ हा शब्द तिथे उशीपासून पावडरीपर्यंत सगळ्यावर छापलेला असतो. आरोग्यदूताच्या पिशवीतली प्रत्येक वस्तू मात्र एका ठरावीक धोक्यावर होती. पहिल्या महिन्यात बाळ कशानं दगावतं, ते आधी मोजलं गेलं आणि मग पिशवी भरली गेली. दुकानात नेमकं उलट चालतं: वस्तू आधी तयार होते, भीती मागाहून.

टोपड्यापासूनच बघू या. बाळाच्या डोक्याचं क्षेत्रफळ त्याच्या एकूण शरीराच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असतं. शिवाय वजनाच्या मानानं बाळाची कातडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पसरलेली, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या थरथरीतून ऊब तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. पाठीत, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती त्याच्याकडे तपकिरी चरबीचा थोडासा साठा असतो, तो जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. कमी वजनाच्या किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाकडे तोही पुरेसा नसतो. ओल्या अंगानं ऊब फार लवकर जाते, म्हणून जन्मल्यावर निदान २४ तास अंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीला हे पटवणं कठीण जातं, पण तेवढा वाद घालण्यासारखा आहे.

सगळ्यात चांगला हीटर विकत मिळत नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडे इनक्युबेटर कमी आणि बाळं जास्त अशी स्थिती होती. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. यालाच आज कांगारू मदर केअर म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशानं घटले. वडिलांच्या छातीवरही हे चालतं, हे सांगायला नको.

थर्मामीटर मात्र खरोखर विकत घ्यावा. साधा, टोकाशी बारीक धातूची टोपी असलेला डिजिटल, काखेत धरायचा. त्या टोपीत एक छोटा रोधक असतो. ऊब बदलली की त्यातून वाहणारी वीज बदलते आणि आकडा दिसतो. बाळाच्या काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट असावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर सिरप पाजत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आपण थर्मामीटर तापासाठी घेतो, पण नवजात बाळात आकडा खाली जाणं तितकंच वाईट; कधी कधी जंतुसंसर्गाची पहिली खूण तीच असते. पाऱ्याचे जुने थर्मामीटर ९४-९५ च्या खाली दाखवतच नसत, आणि फुटले तर पाऱ्याची वाफ घरात, ते वेगळंच. कपाळाकडे रोखायची पिस्तुलं कातडीतून निघणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण मोजतात. पंखा चालू असला, कपाळ ओलं असलं की आकडा हलतो. दारात चाळणी म्हणून ठीक, निर्णय घ्यायला नाही.

मला स्वतःला ‘सर्च’चं सगळ्यात आवडतं उपकरण म्हणजे श्वासमापक. बाळाला न्यूमोनिया झाला की फुप्फुसं कडक होतात आणि दर श्वासात हवा कमी भरते, म्हणून बाळ श्वास जास्त वेळा घेतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, तिथून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, ही धोक्याची रेघ. पण ज्या सुईणीला दहाच्या पुढे मोजायची सवय नाही, तिनं ६० कसे मोजायचे? बंग दांपत्यानं तारेवर मण्यांच्या दोन ओळी लावल्या आणि शेजारी एक मिनिटाची वाळूची घटिका बसवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. लहान बाळांची ओळ वेगळी, मोठ्यांची वेगळी. बॅटरी नाही, अक्षरओळख नको.

घरी हे काम घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होतं. बाळ शांत असताना, रडताना किंवा अंगावर पिताना नव्हे, झबलं वर करून पोटाची वरखाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तितकाच आला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असला, तर उशीर नको.

आता त्याच कामासाठी दुकानात काय मिळतं? बाळाच्या पायात घालायचा ‘स्मार्ट’ मोजा. तो लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पायातून पाठवतो. प्राणवायूनं भरलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं आणि रिकामं झालेलं रक्त लाल, त्या फरकावरून प्राणवायूचं प्रमाण काढून मोबाइलवर दाखवतो. तत्त्व खरं आहे, रुग्णालयातला ऑक्सिमीटरही तसाच चालतो. पण बाळ पाय झाडतं, मोजा सरकतो, आणि रात्री तीन वाजता घरभर भोंगा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ साली अशा मोज्यांच्या एका उत्पादकाला ताकीद दिली होती, कारण मंजुरी न घेता तो वैद्यकीय उपकरणासारखा विकला जात होता. २०२३ मध्ये रीतसर परवानगी मिळाली. तरीही धडधाकट बाळाच्या झोपेतल्या मृत्यूपासून असा मोजा वाचवतो याला पुरावा नाही, आणि त्यासाठी तो वापरू नका असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. हजारो रुपये चिंतेवर घालवायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी घालवणार नाही.

झोपेतल्या मृत्यूवर ज्या उपायानं खरंच फरक पडला तो फुकट आहे: उताणं झोपवणं. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत तशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. अंथरूण घट्ट, सपाट आणि रिकामं हवं. इथे आपली मोहरीची उशी आडवी येते. डोकं गोल व्हावं म्हणून ती हौसेनं शिवतात. बाळाचं डोकं मागच्या बाजूला मुळातच फुगीर असतं. त्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे झुकते आणि मऊ श्वासनलिका वाकते. वर्षाच्या आत उशी नको, मग ती मोहरीची असो की ‘डॉक्टरांनी सुचवलेली’ म्हणून विकली जाणारी खड्डेवाली असो. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, कुणी समोर असताना पालथं घालावं आणि झोपवताना रोज डोक्याची दिशा बदलावी.

पारंपरिक गोष्टींत सगळंच टाकाऊ नाही. वाटी-चमचा उकळून निघतो, बाटलीच्या बुचातल्या खाचा निघत नाहीत. १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची आणि बाळाच्या डबाबंद दुधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. तेव्हा कुणी ‘गिफ्ट हॅम्पर’मधून बाटली दिली, तर ती द्यायलाच नको होती. गुटी आणि मध मात्र बंद. मधात बॉट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाढतात, आणि त्यांच्या विषानं स्नायू लुळे पडतात. काजळाची हौस असेल तर तीट गालाला किंवा तळपायाला लावा, डोळ्यांत नको. बाजारी सुरम्यात शिसं सापडतं. पावडरीचा फवारा बाळाच्या नाकात जातो, आणि तिची गरजही नसते.

धुरीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा-धूप टाकून त्या धुरावर बाळाला धरतात, आणि बाळंतिणीची खोली बंद करून शेक देतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. डासांची कॉइलही त्याच वर्गातली. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी काही शे रुपयांत मिळते, आणि या यादीतली पैसे वसूल करणारी वस्तू तीच. वॉकर घेऊ नका; कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. पण तोही जिन्यापासून लांबच.

आरोग्यदूताच्या पिशवीत नसलेली एक वस्तू मात्र मी आज घालीन, गाडी असेल तर. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडक होऊन गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर मांडीवरच्या चार किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे ५६ किलोच्या वजनाएवढा जोर लागतो, तोही अचानक. तो कुठल्याही आईच्या हातात नसतो. स्वतःचा पट्टा बाळाभोवतीही घेतला, तर ते आपल्या अंगाखालीच चिरडतं. पाठमोऱ्या सीटमध्ये तोच जोर बाळाच्या पूर्ण पाठीवर आणि डोक्यावर पसरतो, मानेला झटका बसत नाही. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट न लावल्यास १००० रुपये दंड आहे, पण पोलिस विचारत नाहीत. एअरबॅग चालू असेल तर पुढच्या जागेवर पाठमोरी सीट कधीही लावायची नाही; फुगणारी बॅग सीटच्या पाठीवरच आदळते. घरी आल्यावर बाळाला त्यात झोपवत ठेवायचं नाही, मान झुकते. आणि सीट बसवायचा प्रयोग डिस्चार्जच्या दिवशी रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये करू नका. आठवडाभर आधी बसवा, पट्टा जिथून जातो तिथे हातानं धरून हलवून पाहा. इंचभराहून जास्त सरकली, तर पुन्हा बसवा.