घरगुती बॅटरी चेनसॉ

लांबट, चपट्या पोलादी बारभोवती दातेरी चेन वेगाने फिरवून लाकूड कापणारे, बॅटरीवर चालणारे हातातले यंत्र. मराठीत त्याला साखळी करवत म्हणता येईल, पण विकणारे आणि वापरणारे दोघेही चेनसॉच म्हणतात. वादळात मोडून पडलेली फांदी उचलण्याजोगी करणे, झाडांची छाटणी, सरपणासाठी ओंडक्यांचे तुकडे पाडणे, कुंपणाचे खांब कापणे ही त्याची घरची कामे. मोठी उभी झाडे पाडणे हे घरगुती काम नव्हे, यंत्र कितीही चांगले असले तरी.

बॅटरीचा चेनसॉ म्हणजे पेट्रोलच्या चेनसॉचे धाकटे भावंड, असा सर्वसाधारण समज आहे. वयाने पाहिले तर वीज थोरली. साखळीची करवत तर त्याहून जुनी, आणि तिचा लाकडाशी संबंधही नव्हता: अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरात आणली. लाकडासाठी विजेवरचा चेनसॉ जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बनवला. तो चालवायला दोन माणसे लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांचा पेट्रोलवरचा चेनसॉ आला. जंगलात वीज नव्हती, त्यामुळे पुढली कित्येक दशके पेट्रोलचीच चलती राहिली आणि वायरचे चेनसॉ अंगणापुरते उरले. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, ब्रशलेस (आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेल्या) मोटरी पुढे स्वस्त झाल्या आणि वायर सुटली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर २०२४ पासून ४५ सीसीपेक्षा लहान इंजिनाच्या नव्या चेनसॉंना शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला आहे.

निवड करताना बहुतेक जण खोक्यावरच्या व्होल्टपासून सुरुवात करतात. सुरुवात लाकडापासून करावी. वर्षातून दोनचार वेळा मनगटाएवढ्या फांद्याच छाटायच्या असतील, तर चांगली वक्र हातकरवत पुरते. ती चार्ज करावी लागत नाही आणि तिला तेलही लागत नाही. अशा कामाची संख्या वाढली, की १० ते १५ सेंटिमीटर बारचा छोटा छाटणी चेनसॉ उपयोगी पडतो. ओंडके कापायचे असतील तर ३० ते ३५ सेंटिमीटरचा बार घरासाठी पुरेसा होतो. बार नेहमीच्या लाकडाच्या जाडीपेक्षा निदान पाच सेंटिमीटर लांब असावा. त्याहून फार लांब घेतल्याने फायदा नाही; जास्त चेन फिरवण्यातच बॅटरी खर्ची पडते आणि टोक कुठे टेकते आहे याचा अंदाज राहत नाही.

जाडीचा हिशोब फसवा असतो. ओंडक्याची जाडी तिप्पट झाली की कापायचे क्षेत्रफळ नऊपट होते. ‘एका चार्जमध्ये इतके काप’ असा दावा सहसा १० सेंटिमीटर चौरस वाशावर केलेला असतो, म्हणजे प्रत्येक कापाला १०० चौरस सेंटिमीटर. ३० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा एक काप सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटरचा. दाव्यातल्या शंभर कापांचे इथे जेमतेम चौदा होतात, तेही लाकूड तसेच मऊ असेल तर. जुने, सुकून टणक झालेले लाकूड आणखी दमवते.

आता व्होल्ट. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, नुकताच चार्ज केलेला असताना चारच्या वर. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट, दहा जोडले की ३६. खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेली बॅटरी ही १८ व्होल्टचीच असते आणि ‘४० व्होल्ट मॅक्स’ ही ३६ व्होल्टची. फरक मोजायच्या क्षणाचा आहे, ताकदीचा नाही. काही चेनसॉमध्ये १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात आणि दोन्ही मिळून ३६ होतात. घरात त्याच जातीचे ड्रिल किंवा गवत कापायचे यंत्र असेल तर ही सोय मोलाची, कारण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. पहिले यंत्र घेतानाच पुढच्या चार यंत्रांची सोयरीक जमलेली असते.

खरा आकडा वॅट-तासांचा. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की तो मिळतो: १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास, ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे १४४. आता समजा जाड ओंडक्यात शिरल्यावर मोटर ३६ व्होल्टला ४० अँपिअर ओढते आहे. ते १४४० वॅट झाले, आणि १४४ वॅट-तासांची बॅटरी त्या दराने सहा मिनिटांत संपते. सहा मिनिटे ऐकून निराश होऊ नये; चेनसॉ सलग चालत नाही. काप घ्यायचा, ओंडका सरकवायचा, फांद्या बाजूला ओढायच्या, घाम पुसायचा, यात बहुतेक वेळ जातो आणि त्या वेळात मोटर बंद असते. पेट्रोलचे इंजिन मात्र तेवढा सगळा वेळ घरघरत राहते. चार्जरकडे मात्र दुर्लक्ष होते. ६० वॅटच्या चार्जरवर तीच बॅटरी भरायला अडीच तासांच्या वर लागतात. मोठे काम अंगावर घ्यायचे असेल तर दुसरी बॅटरी किंवा वेगवान चार्जर यांची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी. ‘फक्त यंत्र’ म्हणून विकला जाणारा चेनसॉ स्वस्त दिसतो तो याचमुळे.

मोठी बॅटरी केवळ जास्त वेळ चालते असेही नाही. तिच्यात सेलच्या दोन किंवा तीन माळा शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक माळेवरचा भार कमी होतो. त्याच चेनसॉला छोटी बॅटरी लावली की तो जाड लाकडात अडखळतो, बॅटरी तापते आणि तिच्यातले संरक्षक सर्किट वीज तोडते. वापरणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले. थोडा वेळ सावलीत ठेवल्यावर ते पुन्हा सुरू होते. वजनात मात्र मोठी बॅटरी भरते. ३०–३५ सेंटिमीटरचा चेनसॉ बॅटरी आणि तेलासकट चार ते सहा किलोंच्या घरात जातो. दुकानात हातात घेऊन पाहताना बॅटरी लावूनच पाहावा. रिकामे यंत्र सगळ्यांनाच हलके लागते.

ताकदीचे दुसरे माप म्हणजे चेनचा वेग. छोट्या छाटणी यंत्रांत तो सेकंदाला पाच ते आठ मीटर असतो, चांगल्या घरगुती चेनसॉमध्ये पंधरा ते वीस, काहींत त्याहूनही जास्त. पण वेगापेक्षा दातांची धार मोठी. आजच्या चेनच्या दाताचा आकार ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स यांची देणगी: लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे कुरतडत जाते, हे पाहून त्यांनी १९४७ च्या सुमारास तशा डावीउजवीकडे वळलेल्या दातांची चेन बनवली. घरगुती बॅटरी चेनसॉमध्ये बहुधा याच घराण्यातली अरुंद, ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले अंतर) लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची चेन येते. अरुंद चेन अरुंद फट पाडते आणि तेवढे लाकूड कमी खरवडावे लागते; मोजक्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला ते मानवते. बदली चेन घेताना पिच, बारच्या खाचेत बसणाऱ्या आतल्या कड्यांची जाडी आणि त्यांची संख्या हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. ते बहुतेक वेळा बारवरच कोरलेले असतात.

अपघाताचे मुख्य कारण किकबॅक. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला, की चेन तिथे अडते आणि सगळा बार चापासारखा वर, वापरणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. हे इतक्या झटक्यात होते की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोरच्या ढालीला जोडलेला चेन ब्रेक हवाच. तो हात आपटूनही लागावा आणि उसळीच्या धक्क्याने आपोआपही लागावा. काही स्वस्त यंत्रांत यातली दुसरी सोय नसते आणि तेवढ्या कारणाने ती नाकारावीत. कमी किकबॅकची चेन आणि अरुंद टोकाचा बार यांनी धोका घटतो, जात नाही. एका हाताने चालवायच्या छोट्या छाटणी यंत्रांत तर मोकळा राहिलेला दुसरा हात फांदी धरायला आपसूक पुढे जातो, आणि जखमा तिथेच होतात.

बॅटरी चेनसॉचा स्वतःचा असा एक धोका म्हणजे त्याचे मौन. पेट्रोलचे इंजिन सुरू असेल तर शेजाऱ्यालाही कळते. हा चेनसॉ गवतात गप्प पडलेला असतो, आणि अडकलेली काटकी काढायला बोटे चेनवर असताना खटका दाबला गेला तर तो तत्क्षणी फिरतो. चेन ताणताना, घासताना, साफ करताना बॅटरी आधी बाहेर काढावी, ही सवय बाकी सगळ्या खबरदारीच्या वर. कापताना आवाज तितका गरीब नसतो; कानाशी तो ९० डेसिबलच्या आसपास जातो, त्यामुळे कानपट्टे लागतातच. पायांना घालायच्या संरक्षक विजारीचे आंतरराष्ट्रीय वर्ग चेनच्या वेगावर बेतलेले आहेत, त्यातला ‘वर्ग १’ सेकंदाला २० मीटरचा. तिच्यातले लांब तंतू स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंतून चेन थांबवतात. विजेची मोटर मात्र मंद फिरतानाही पूर्ण जोर लावते, त्यामुळे अशी विजार पेट्रोलच्या यंत्रासमोर जितकी हमखास, तितकी इथे धरून चालू नये.

पेट्रोल नाही म्हणून तेलही नाही, अशी समजूत करून घेणारे पुष्कळ आहेत. चेनला बारच्या खाचेत सतत तेल लागते आणि ते वेगळ्या टाकीत भरावे लागते. तेल पोचते आहे का, हे पाहायची सोपी रीत: बारचे टोक फिकट रंगाच्या लाकडावर, न टेकवता, वीतभर अंतरावर धरून यंत्र काही सेकंद चालवावे. लाकडावर तेलाच्या थेंबांची बारीक रेघ उमटली की काम ठीक. उमटली नाही तर टाकी रिकामी आहे किंवा भुशाने छिद्र बुजले आहे, आणि तसेच कापत राहिल्यास बार निळा पडेपर्यंत तापतो. भाजीच्या वाफ्याशेजारी कापायचे असेल तर वनस्पती तेलापासून बनवलेले, मातीत विघटन होणारे चेन ऑइल मिळते. ते फार दिवस साठून राहिले तर चिकट होते.

धार गेली हे खाली पडणाऱ्या चुऱ्यावरून कळते. धारदार चेन नखाएवढे ढलपे काढते आणि स्वतःहून लाकडात उतरते. बोथट चेनखाली पिठासारखी भुकटी पडते, माणूस यंत्र दाबू लागतो, काप एका बाजूला वाकतो. पेट्रोलच्या यंत्रात हे ताकदीच्या जोरावर काही काळ खपते. इथे बॅटरी अर्ध्या वेळात संपते आणि दोष बॅटरीला मिळतो. लो-प्रोफाइल चेनला साधारण ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन बहुधा ३० अंशांचा, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. एका दगडावर किंवा मातीने माखलेल्या बुंध्यावर टेकलेली चेन क्षणात बोथट होते, म्हणून जमिनीवरचा ओंडका पूर्ण न कापता तीनचतुर्थांश कापून पालथा करतात.

नवी चेन पहिल्या काही कापांत सैल पडते, म्हणून ती थंड झाल्यावर पुन्हा ताणावी: हाताने ओढल्यावर ती बारवर सहज सरकावी, पण खालच्या बाजूला लोंबू नये. तापलेली असताना ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि बार व स्प्रॉकेट यांच्यावर ओढ बसते. बरेच दिवस वापर नसेल तेव्हा बॅटरी यंत्रातून काढून, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, थंड आणि कोरड्या जागी ठेवतात. पूर्ण भरून उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तिची क्षमता लवकर घटते, आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत तर ती चार्जिंगला लावूच नये. तेलाची टाकी रिकामी करून ठेवावी. नाही केली तरी बिघडत काही नाही, पण बहुतेक चेनसॉ थोडे थोडे झिरपतात आणि फळीवर तेलाचे तळे साचलेले दिसते.